सरांच्या हातात पेन राहू द्या

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



काल रात्री हुरडा झाला, आज सकाळी आठवणी झाल्या, दोन-तीन वेळा डोळे पुसून झाले. आता जेवणाआधीची पंचवीस मिनिटं मला व्यवहाराच्या विषयावर बोलायला दिली आहेत. आपल्या बॅचनं शाळेसाठी ३,४०,००० रुपये जमवलेत. त्याचं काय करायचं यावर आपल्या ग्रुपवर तीन महिने काथ्याकूट चालला आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाचं काम आधी करा, असं म्हणणाऱ्यांत मी होते. ते काम आपल्या पुढच्या बॅचनं उचललं, म्हणून आपण डिजिटल वर्गाकडं वळलो. आता एक गट म्हणतो, भिंतीवर मोठा इंटरॅक्टिव्ह बोर्ड लावू, त्यात सगळा अभ्यासक्रम भरलेला येतो. दुसरा गट म्हणतो, मुलांना तीस टॅब वाटू, फोटोही चांगला येईल. फोटोचं वाक्य कुणाचं होतं ते मी सांगत नाही, तो इथंच बसलाय.

मला तिसरंच काही सुचवायचं आहे. ते म्हणजे लिहिता येणारा, पेनाचा टॅब, आणि तोही आधी शिक्षकांच्या हातात. मी गेली सव्वीस वर्षं पुण्यात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवते. त्यातली सोळा वर्षं अशा पेनानं शिकवते. म्हणजे ही गोष्ट मी जाहिरातीत पाहून आलेले नाही. तिचे लाभही पाहिलेत आणि तिचा ताप किती असतो तेही पाहिलं आहे.

आधी वर्गात नेमकं काय घडतं ते सांगते. टेबलावर किंवा हातात टॅब असतो, मागं पडद्यावर प्रोजेक्टर. मी टॅबवर लिहिते ते पडद्यावर उमटतं. एवढंच. पण एवढ्यानं एक मोठा फरक पडतो, तो असा की माझं तोंड वर्गाकडं राहतं. आपले गणिताचे सर इथं समोर आहेत म्हणून धाडस करून सांगते, सर, आपण फळ्याकडं वळलात की मागच्या तीन बाकांवर काय चालायचं ते आपल्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही, आणि आजही कुणी सांगणार नाही. मला माझ्या वर्गातलं ते दिसतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठल्या ओळीला कुणाच्या कपाळावर आठी पडली ते लिहिता लिहिता दिसतं. तिथं हात थांबतो, मागची ओळ पुन्हा समजावता येते.

दुसरा फरक पुसण्याचा. फळा भरला की डस्टर फिरायचं आणि वही मागं राहिलेल्यांचा हिशोब तिथंच बुडायचा. टॅबवर पान उलटतं, पुसलं जात नाही. दुसऱ्या दिवशी एखादी मुलगी म्हणते, मॅडम, काल ती तिसरी पायरी कशी आली? मी कालचं पान काढते, तिच्या बोटाखालच्या ओळीवर लाल शाईनं आणखी दोन ओळी लिहिते. तो प्रश्न कधी कधी चार दिवसांनी येतो, परीक्षेच्या आदल्या दिवशीही येतो. पान तिथंच असतं.

आता कुणी म्हणेल, मग तयार स्लाईड काय वाईट? छापलेल्या, स्वच्छ, रंगीत. त्यात शिक्षकाचं अक्षर वाईट असण्याचीही भीती नाही. मी दोन्ही करून पाहिलं आहे, म्हणून सांगते. वर्गसमीकरण पूर्ण वर्ग करून सोडवायचं, हे आपल्याला नववी-दहावीत शिकवलं. स्लाईडवर सहा ओळी एकदम येतात. मुलं ती सहावी ओळ आधी पाहतात, कारण उत्तर तिथं असतं. पेनानं लिहिताना पहिली ओळ येते, मग हात थांबतो. "आता इथं काय मिळवलं तर डावीकडं पूर्ण वर्ग होईल?" हा प्रश्न विचारायला जागा मिळते, कारण पुढची ओळ अजून जन्माला आलेली नसते. वर्गातलं कुणीतरी म्हणतं, चारचा वर्ग. कुणी म्हणतं, अर्ध्याचा वर्ग. मी दोन्ही लिहून दाखवते. हाताचा वेग हा विचाराच्या वेगाच्या जवळ जाणारा असतो. तयार पानाला तो वेग नसतो.

या बाबतीत एक जुनं काम मला फार आवडतं. २००२ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टनं पेनावर चालणारे टॅब्लेट पीसी बाजारात आणले. त्याच सुमाराला अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'क्लासरूम प्रेझेंटर' नावाची प्रणाली केली. शिक्षक स्लाईडवर पेनानं लिहू शकत असे. त्यांनी वर्गातल्या तासांची नोंद ठेवून पाहिलं की शिक्षक त्या पेनानं लिहितात तरी काय. तर त्यात निम्मं-अर्धं अक्षर नव्हतंच, होत्या टिकल्या, गोल, अधोरेखनं, एकाच शब्दावर तीनदा मारलेली रेघ. नंतर ते पान नुसतं पाहिलं तर कशाचाही अर्थ लागत नाही. पण बोलताना तीच रेघ मुलाची नजर नेमक्या ठिकाणी नेत होती. आपल्या भूगोलाच्या बाईंची छडी नकाशावर जे करायची तेच हे. छडीचा दुसरा उपयोग आपण इथं बाजूला ठेवू.

याच प्रणालीत दुसरी सोय होती, आणि ती मला आपल्या शाळेसाठी जास्त मोलाची वाटते. मुलांच्या हातात टॅब असतील तर ती आपापलं उत्तर लिहून शिक्षकाकडं पाठवतात, आणि शिक्षक त्यातलं एखादं नाव न दाखवता पडद्यावर आणतो. चुकलेलं उत्तर सगळ्यांसमोर येतं, चुकलेलं पोर येत नाही. आता जरा आठवा. आपल्या वर्गात फळ्यापाशी कोण जायचं? सहा-सात जणच. मी जायची, कारण मला हौस होती. पण शेवटच्या बाकावरच्या, एसटीनं यायच्या त्या मुली तीन वर्षांत एकदाही फळ्यापाशी गेल्या नाहीत. त्यांना गणित येत होतं की नाही हे आपल्याला आजही माहीत नाही. सरांनाही कळायला मार्ग नव्हता. त्यातल्या दोघी आज इथं आल्या आहेत. मघाशी चहाच्या वेळी त्यातली एक म्हणाली, "उत्तर यायचं गं, उठायचं धाडस नव्हतं." मी हे बोलायचं म्हणून तिला विचारून घेतलं आहे.

आता मराठीचं बघू. मंगळवेढ्याच्या शाळेत हा मुद्दा पुण्यापेक्षा मोठा आहे. कीबोर्डवर मराठी टंकणं आपल्यापैकी कितीजणांना जमतं? हात वर करू नका, मला ग्रुपवरचे मेसेज माहीत आहेत. 'दुसऱ्या'तला र लिहिताना निम्मा ग्रुप अडखळतो. जोडाक्षर, रफार, ऱ्हस्व-दीर्घ, या सगळ्याला कळा शोधाव्या लागतात, आणि शोधता शोधता मूळ वाक्य निसटतं. पेनाला कळा शोधाव्या लागत नाहीत. पाचवीतलं पोर पाटीवर जे लिहितं तेच इथं लिहितं. आणखी एक बारीक गोष्ट. शासनानं २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेतला पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला. पण फोनवरचे बरेच फाँट हिंदी वळणाचे ल-श दाखवतात. पुस्तकात एक, पडद्यावर दुसरं. बाईंनी हातानं लिहिलं की तो बाईंचाच ल असतो.

शिवाय आपल्या तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग कर्नाटकाला लागून. तिकडून येणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी कानडी बोलतात. बसवेश्वरांचा सहवास लाभलेलं गाव आपलं, हे काही आजचं नाही. एखाद्या गुरुजींना 'त्रिज्या' शब्दाशेजारी पोराच्या घरचा कानडी शब्द लिहायचा असेल तर पेन नुसतं पुढं सरकतं. कीबोर्डला भाषा बदला, मग परत बदला. हा प्रश्न आपल्या देशातल्या संशोधकांनाही पडला होता. बंगळूरच्या एचपी लॅब्समध्ये त्यासाठी 'जेश्चर कीबोर्ड' तयार झाला होता. एका पाटीवर व्यंजनांचे चौकोन, आणि 'की' हवं असेल तर क च्या चौकोनावर पेनानं दीर्घ वेलांटी काढायची. हिंदी आणि कानडी, दोन्हींसाठी तो होता. बाराखडी जिला कळते तिला तो कळतो. तो घराघरांत पोचला नाही, पण कल्पना आपल्या लिपीच्या पोटातून आलेली होती म्हणून मला तिचं कौतुक आहे.

हातानं लिहिल्यानं जास्त समजतं का, याचेही प्रयोग झालेत. २०१४ साली म्युलर आणि ओपनहायमर या दोघांनी दाखवलं की लॅपटॉपवर टंकून टिपणं घेणाऱ्यांपेक्षा हातानं घेणारे विद्यार्थी समजुतीच्या प्रश्नांत सरस ठरले. पुढं इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक इतका ठळक आला नाही. म्हणून मी त्यावर फार भार टाकत नाही. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठानं ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतले विद्युतसंकेत मोजले, तो अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. टंकताना जे दिसलं नाही ते लिहिताना दिसलं, मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी जास्त जोडले गेले. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे ते विद्यार्थी कागदावर लिहीत नव्हते, डिजिटल पेनानं पडद्यावर लिहीत होते. अर्थात मेंदूत जोडणी दिसली म्हणजे परीक्षेत गुण वाढले असं नव्हे. तरी हाताची हालचाल महत्त्वाची, कागद की काच हे नंतर, एवढा अंदाज त्यातून बांधता येतो.

आता मुलांना सरसकट यंत्रं वाटण्याबद्दल. हा प्रयोग आपल्या महाराष्ट्रात तीन वेळा तरी मोठ्या गाजावाजानं झाला. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट-धनगरवाडा नावाची वस्ती आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली 'दर मुलामागं एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाची भारतातली पहिली चाचणी झाली. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ते छोटे लॅपटॉप आपण वर्तमानपत्रांत पाहिलेत. त्याच्या टचपॅडचा पट्टा मुद्दाम रुंद ठेवला होता, मुलांनी त्यावर काडीसारख्या पेनानं लिहावं, चित्र काढावं म्हणून. पण ते लिखाण घेणारं सॉफ्टवेअर नीट आलंच नाही, आणि पुढच्या यंत्रांतून तो पट्टाही गेला. एका चांगल्या कल्पनेचं असं झालं. याच प्रकल्पाखाली पेरू देशानं लाखो मुलांना लॅपटॉप दिले. २०१२ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात गणित आणि भाषेच्या गुणांत वाढ आढळली नाही.

मग 'आकाश'. ५ ऑक्टोबर २०११ ला कपिल सिब्बल यांनी दिल्लीत त्याचं उद्घाटन केलं. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडत होता. माझ्या कॉलेजातल्या मुलांनी तो हातात घेतला तेव्हाचा आनंद मला आठवतो, आणि दहा मिनिटांनंतरचे चेहरेही. त्याची काच दाबावर चालणारी. बोट जोरात रेटलं तर समजायचं, नाहीतर नाही. त्यावर ओळ लिहिणं म्हणजे दगडावर अक्षर कोरणं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात 'आकाश २' आला, त्याची काच सुधारलेली होती, पण तोवर लोकांचा विश्वास उडाला होता. २०१५ मध्ये मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब दिले गेले, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. पुस्तकं त्यात भरलेली होती. हेतू चांगला. पण पुस्तक टॅबमध्ये भरलं की ते वाचायचंच पुस्तक राहतं. मुलानं त्यात काही करावं, लिहावं, खोडावं, याची सोय वेगळी लागते.

याउलट आपल्या जिल्ह्याकडं बघा. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. पुढं राज्याच्या पुस्तकांतही ते आले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. आपल्याला अभिमान आहेच. पण मला त्यातलं तंत्र महत्त्वाचं वाटतं. क्यूआर कोड म्हणजे नुसती काळी-पांढरी ठिपक्यांची चौकट. तिच्यामागं काय ठेवायचं ते वर्गातल्या मुलांना ओळखणारा गुरुजी ठरवत होता. तयार माल विकत आणला नव्हता.

म्हणूनच त्या भरलेल्या इंटरॅक्टिव्ह बोर्डाबद्दल मला शंका आहे. मी पाहिलेल्या एका शाळेत तो बोर्ड आहे. खोलीला 'डिजिटल क्लासरूम' अशी पाटी, दाराला कुलूप, किल्ली कार्यालयात. पाहुणे आले की उघडते. शाळेचं नाव घेत नाही. पण दामाजीपंतांच्या गावात आपण भेट दिलेल्या कोठाराला कुलूप लागलं तर ते बरं दिसणार नाही, एवढं नक्की. बोर्ड भिंतीला जखडलेला असतो. एका खोलीत, एका तासाला, एका शिक्षकाला. पेनाचा टॅब सरांच्या काखेत बसतो आणि दहावी 'अ'मधून दहावी 'ब'मध्ये जातो.

कोरोनात हे सगळ्यांना कळलं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षकांना एकदम कळलं की फळा घरी नेता येत नाही. पुण्यातल्या एका शिक्षिकेनं कपड्याच्या हँगरला मोबाईल टांगून फळ्यावर शिकवलं, त्याचं चित्र देशभर फिरलं. कुणी स्टीलच्या डब्यावर फोन आडवा ठेवून कागदावर लिहिलं. त्या दिवसांत पडद्याशिवायचे पेन टॅब्लेट दुकानांत मिळेनासे झाले होते. लिहिल्याशिवाय शिकवता येत नाही, हे त्या टंचाईनं सांगितलं.

आता खरेदीचं. इथं जरा कंटाळवाणं बोलावं लागेल, पण पैसे आपले आहेत. पेन म्हणून विकलं जाणारं सगळं पेन नसतं. रबरी टोकाची शंभर-दोनशे रुपयांची काडी मिळते, ती म्हणजे नुसतं लांब केलेलं बोट. तिनं लिहिताना तळहात काचेला टेकला की भलतीकडंच रेघ उमटते. मग माणूस हात अधांतरी धरून लिहितो आणि पाच मिनिटांत खांदा भरून येतो. खरं पेन वेगळं. त्यात जपानच्या वॅकॉम कंपनीची पद्धत जुनी आणि भरवशाची. काचेखाली बारीक तारांची जाळी असते, तिच्यातून चुंबकीय लहरी निघतात. पेनात एक छोटी गुंडाळी असते, ती त्या लहरींना प्रतिसाद देते. पेनाला स्वतःची बॅटरी लागत नाही. टोक काचेपासून सेंटिमीटरभर वर असलं तरी टॅबला ते कुठं आहे ते कळतं, दाबलं किती तेही कळतं, आणि पेन जवळ आलं की तळहाताकडं दुर्लक्ष करायचं हेही. सॅमसंगच्या टॅबबरोबर येणारं एस पेन याच जातीचं. ॲपलची पेन्सिल उत्तम, पण चार्ज करावी लागते, आणि किमतीचा विचार करता ती आपल्या हिशोबात बसत नाही.

दुसरा स्वस्त प्रकार पडद्याशिवायचा. काळी पाटी असते, ती लॅपटॉपला वायरनं जोडायची. लिहायचं पाटीवर, बघायचं पडद्यावर. हात खाली, नजर वर. पेटी वाजवणाऱ्याला हे अवघड जात नाही, बाकीच्यांना आठवडाभर अक्षर दारू प्यायल्यासारखं जातं. मग हात बसतो. किंमत साधारण तीन ते पाच हजार.

तेव्हा माझा हिशोब असा. तीन खोल्यांत तीन प्रोजेक्टर, १,२०,०००. पेनासह चार टॅब, १,१२,०००. पडद्याशिवायच्या सहा पाट्या, २४,०००. इन्व्हर्टर आणि वायरिंग ३०,०००, कारण उन्हाळ्यात आपल्याकडं वीज कशी असते ते सांगायला नको. हे झाले २,८६,०००. राहिलेल्या ५४,००० ला आज हात लावायचा नाही. ते बँकेत ठेवायचे, पेनाची झिजलेली टोकं, फुटलेली काच, बिघडलेला प्रोजेक्टर यासाठी. भेट देणाऱ्याला दुरुस्तीचा खर्च सुचत नाही आणि यंत्र तिथंच मरतं. लॅपटॉप विकत घेऊ नका. आपल्यातल्या निदान दहाजणांकडं कपाटात चालू स्थितीतले जुने पडलेले आहेत, मी चौकशी केली आहे.

चार टॅबपैकी दोन शिक्षकांकडं कायम. उरलेले दोन वर्गात मुलांमध्ये फिरते. बाकावरून बाकावर टॅब जाईल आणि मूल जागेवर बसूनच पडद्यावर लिहील. फळ्यापर्यंतचं अंतर चालायला नको. त्या शेवटच्या बाकासाठी हे मला हवं आहे. तीस जणांना तीस टॅब देण्यापेक्षा हे माझ्या मते जास्त उपयोगाचं आहे, आणि खर्च तर दहावा हिस्साही नाही.

पहिली ते चौथीत मात्र यातलं काहीही नेऊ नये, या मताची मी आहे. तिथं पाटी, पेन्सिल, वाळू, खडू. बोटांना खरखरीतपणा कळायला हवा. काच फार गुळगुळीत असते, तिच्यावर अक्षराला धरायला काही नसतं. स्वीडनसारख्या देशानं २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी पुन्हा पैसे काढले, ते उगाच नव्हे.

अजून एक उपयोग मला सगळ्यात जवळचा वाटतो. माघ-फाल्गुनात ज्वारी काढणीला आली की आपला वर्ग कसा रिकामा व्हायचा ते आठवतं ना? मालदांडी काढायला घरचं प्रत्येक हात लागायचा. पंधरा दिवसांनी पोरं परत यायची तेव्हा भूमितीचं एक प्रकरण संपलेलं असायचं, आणि ते त्यांच्यासाठी कायमचं संपलेलं असायचं. आजही काही घरांतली मुलं तशी जातात, काही ऊसतोडीला दूरही जातात. सरांनी टॅबवर लिहिलेली त्या दिवसाची पानं आणि त्याबरोबर सरांचा आवाज, हे दोन्ही एका फाईलमध्ये साठवता येतं. घरातल्या कुणाच्या तरी फोनवर ती फाईल जाते. आपल्या सरांच्या अक्षरात, आपल्या सरांच्या बोलण्यात. परक्या शहरातल्या अनोळखी मास्तरांचा व्हिडिओ आणि हे, यातला फरक त्या पोराला विचारा.

अडचणी आहेत. अद्ययावत करा, अद्ययावत करा म्हणून यंत्र भर तासात अडून बसतं. ऊन पडद्यावर येतं. एखादा शिक्षक निवृत्तीला दोन वर्षं असताना म्हणतो, मला कशाला हे. त्यांना आग्रह करू नये. फळा आहेच, खडू आहेच, आणि चांगल्या खडूला अजून तोड नाही हे मी पेन हातात धरून सांगते. ज्यांना हौस आहे अशा तीन-चार जणांपासून सुरू करायचं. पुढच्या जूनपर्यंत, दर शनिवारी संध्याकाळी एक तास, मी इंटरनेटवरून त्यांच्याबरोबर बसेन. गणिताच्याच नव्हे, कुणाही शिक्षकाबरोबर. चित्रकलेच्या सरांनी तर मघाशीच विचारलं की यात रंग किती मिळतात.

निर्णय आज पाच वाजता घ्यायचा आहे. त्याआधी जेवण आहे. मी दोन टॅब आणि एक पाटी बरोबर आणली आहे, आठवी 'अ'च्या खोलीत मांडून ठेवली आहे. प्रोजेक्टर जोडलेला आहे. ज्यांना बोर्डच हवा आहे त्यांनीही येऊन लिहून पाहावं, मग मत द्यावं. गणिताच्या सरांना माझी विनंती आहे की पहिली रेघ त्यांनी मारावी. सर, प्रमेय कुठलंही चालेल. आम्ही यावेळी मागच्या बाकावर गप्प बसू.